पाच पांढरे, एक लाल

भांडं घेणारा भांड्याकडे बघतो आणि विकणारा घेणाऱ्याकडे. तीस वर्षं सिंदेवाहीच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात बसून मला एवढंच शास्त्र आलं. आजोबा गावोगाव फिरून कलई करायचे, वडिलांनी दुकान टाकलं, आणि माझ्या वाट्याला आला तो संशय. आमच्या घराण्यात कोणतीही वस्तू आधी बोटाने वाजवून बघतात. गंज, परात, पाण्याचा गुंड, काहीही. आवाज खणखणीत आला तर वस्तू धड, बसका आला तर कुठेतरी चीर आहे. ही सवय मला दुकानापुरती ठेवता आली नाही. निकाहाची बोलणी करायला गेलो होतो तेव्हा सरबताचा ट्रे समोर आला आणि मी सगळ्यांदेखत त्यावर टिचकी मारली. बायको अजून ऐकवते, "मले पाहाले आले होते का ट्रेले?"

घरात आम्ही हिंदी बोलतो. पण ती लाड करण्यापुरती. भांडण रंगलं की सगळे इकडच्या झाडीबोलीत उतरतात. त्यामुळे त्या आठवड्यात आमच्या घरी हिंदी फारशी कानावर पडली नाही.

झालं असं. आमची एकुलती एक मुलगी नागपुरात स्वयंपाकाचं शिक्षण घेऊन दोन वर्षांपासून मोहर्लीच्या एका रिसॉर्टच्या किचनात काम करत होती. तिथे साठीच्या एक बाई आणि त्यांचे मिस्टर वाघ बघायला आले. वाघ काही दिसला नाही, पण हिच्या हातचं जेवून ते दोन दिवस जास्त राहिले. जाताना बाईंनी विचारलं, आमच्या बोटीवर स्वयंपाकाला येशील का? गोव्याकडे त्यांची शिडाची बोट आहे म्हणे. पावसाळा सरला की दोन पाहुणे घ्यायचे, आठ-आठ दिवस समुद्रात हिंडायचं. बाई, मिस्टर, एक खलाशी, दोन पाहुणे आणि ही, अशी सहा माणसं. सहा महिन्यांचं काम. रविवारी संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं.

मुलीला जायचं होतं. हे तिने सांगायची गरज नव्हती. फोनवर तिचा श्वाससुद्धा घाईत होता. आणि मी सुधारलेला बाप असल्यामुळे नाही म्हणालो नाही. मी म्हणालो, "बघू." आमच्या घरात बघू म्हणजे काय ते मांजरालाही माहीत आहे.

समुद्र मी आयुष्यात एकदाच बघितलाय, तोही ओहोटीच्या वेळी. लांबवर चिखल होता आणि त्या चिखलापलीकडे समुद्र आहे असं लोक सांगत होते. तेव्हापासून समुद्राबद्दल माझं मत राखीव आहे.

मंगळवारी मुलीने एक यादी पाठवली. वडिलांचं भांड्यांचं दुकान आहे हे कळल्यावर बाईंनी बोटीवरच्या जेवणासाठी लागणारी भांडी आमच्याकडूनच मागवली होती. यादी मराठीत होती. मला आनंद झाला, पण गिऱ्हाईक मिळाल्याचा नव्हे. माणूस गोड बोलून फसवू शकतो, रिसॉर्टच्या वहीत खोटा पत्ता लिहू शकतो, पण भांड्यांची यादी खोटी लिहिणं सोपं नाही. जो कधी बोटीवर जेवलाच नाही, तो कुठेतरी चुकणार. मी चष्मा पुसला आणि आरोपीचा जबाब वाचावा तशी यादी वाचायला घेतली.

"काच नको, चिनी माती नको. सपाट ताटं अजिबात नको, कलंडतात. सहा मोठे बाऊल, काठ उभे, बूड रुंद, एकात एक बसणारे, कारण जागा नाही. बूड घसरायला नको. सहा मग, कान दणकट. चमचे बारा, समुद्र चमचे खातो. बाऊल पाच पांढरे आणि एक लाल. लाल बाऊलला घट्ट झाकण आणि धरायला कान हवा. भांड्यांवर नावं घालू नका."

काच नको, ठीक. मी दुकान बंद करायच्या वेळी एक पाट घेतला, एका बाजूला वीट लावून तिरपा केला आणि त्यावर स्टीलचं ताट ठेवलं. ताट असं निघालं की थेट समोरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर जाऊन थांबलं. किराणावाल्याने ते परत आणून दिलं आणि काही विचारलं नाही, याचंच मला जास्त लागलं. मग मेलामाइनचा उभ्या काठाचा बाऊल ठेवला. तोही घसरला, पण जरा विचार करून. म्हणजे बाई म्हणतात ते खरं होतं. हे मला आवडलं नाही.

सहा माणसांना बारा चमचे म्हटल्यावर बाकीची सहा माणसं कोण, हा प्रश्न मी एका कागदावर लिहून ठेवला. खाली दुसरा लिहिला : नाव का नको? आमच्याकडे वाटीवरसुद्धा नाव घालून घेतात. लग्नाच्या मोसमात माझं नाव घालायचं मशीन तापून वास मारतं. नाव नसलेली परात एकदा तेराव्याला गेली की पुन्हा घरी येत नाही. तीस वर्षांत नाव नको म्हणणारं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं. ज्याला स्वतःच्या भांड्यावर नाव नको, त्याचं काहीतरी असणारच.

पण माझं बोट खरं अडलं ते त्या एका ओळीवर. पाच पांढरे आणि एक लाल.

अशी मागणी मला नवीन नव्हती. दुकानात भली माणसं येतात. सहाचा सेट वाजवून, निरखून घेतात, बांधायला सांगतात, मग आवाज जरा खाली आणून म्हणतात, "अन् एक वेगळा द्या." मी कोणासाठी ते कधी विचारत नाही. काउंटरखाली सुट्ट्या पेल्यांचं एक खोकं आहे, कोणाचा सेट फुटला, कोणाचा रंग गेला. त्यातला एक काढून देतो. असा पेला गिऱ्हाईक वाजवून बघत नाही, आणि मीही बघत नाही. कोणाच्या घरी तो शेतावरच्या गड्यासाठी असतो, कोणाच्या घरी संडास साफ करायला येणाऱ्यासाठी. आणि काही घरी आमच्यासारख्यांसाठी असतो. आमच्याच दुकानातून गेलेल्या अशा एका पेल्यात मी स्वतः चहा प्यालो आहे. पेला मी ओळखला. घरमालक मात्र तो माझ्या दुकानातला आहे हे विसरला होता.

आता सहा माणसं आणि पाच पांढरे बाऊल. सहावा लाल, वर झाकण. सहावी कोण, हे मला कोणी सांगायला नको होतं.

मुलीला हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. सांगितलं तर तिचा चेहरा पडणार, नाही सांगितलं तर ती मजल दरमजल करत हजार किलोमीटर जाऊन एका लाल बाऊलमध्ये जेवणार. म्हणून मी बायकोला सांगितलं.

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हाले पोरीले पाठवाचंच नाई, तं सरळ सांगा. बाऊलच्या मागं काऊन लपून राह्यले?"

"मी कुठी लपून राह्यलो? यादीत लिहून आहे. एक वेगळा, अन् झाकण लावून!"

"असन वेगळा. अन् आपल्या खिडकीत कप आहे, तो कोणाचा?"

खिडकीत एक कप असतो. कान तुटलेला. आमच्याकडे भांडी घासायला बाई येतात, त्या त्यात चहा पितात.

"तो तुटला, म्हणून बाजूले ठेवला," मी म्हणालो.

"तुटला म्हणून बाजूले ठेवला, का बाजूले ठेवाचा होता म्हणून तुटका काढला?"

बायकोलाच निकाहाच्या वेळी वाजवून बघायला हवं होतं, असं मला अनेकदा वाटतं. ट्रेवर टिचकी मारून काही उपयोग झाला नाही.

बुधवारी मी माझ्या मते फार हुशारीचं काम केलं. बाईंचा नंबर यादीखालीच होता. त्यांना मेसेज टाकला, की लाल बाऊल बाजारात मिळत नाही, सहाही पांढरेच देतो, चालेल का? म्हटलं, मन साफ असेल तर चालेल म्हणतील.

दुपारी उत्तर आलं. "हरकत नाही. मग एकावर लाल रंगाची न निघणारी खूण करून द्या. तो एक वेगळा ओळखू आला पाहिजे, एवढंच."

तो मेसेज मी चार वेळा वाचला. एवढंच म्हणे! दुकानात समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला कढई दाखवायची सोडून मी झारा दाखवत होतो.

गुरुवारी चंद्रपूरच्या ठोक बाजारातून माल आला. पाच पांढरे बाऊल, बारा चमचे, सहा मग. आणि खोक्याच्या तळाशी, मी न मागवलेला, झाकणाचा, कानाचा, लालभडक बाऊल. व्यापारी फोनवर म्हणाला, "भाऊ, तुमी पयले लाल म्हनले होते, मंग सहाबी पांढरेच म्हनले. पन पांढरे पाचच होते. म्हटलं लाल असू द्या." माझ्या विरोधात कट किती दूरवर पसरलाय हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी तो बाऊल सुट्ट्या पेल्यांच्या खोक्यात खाली दडपला.

शुक्रवारी मुलगी सुट्टी घेऊन आली. दुकानात शिरल्या शिरल्या माल शोधत ती काउंटरखाली वाकली, आणि लाल बाऊल घेऊनच उठली.

"अब्बा, आला की लाल! अन् तुम्ही तं बाईले मिळत नाई म्हटलं होतं."

"तो चुकून आला."

"बरं झालं चुकून आला. झाकण पाहा, किती घट्ट आहे." तिने त्यात पाणी भरलं, झाकण लावलं आणि उलटा धरला. एक थेंब पडला नाही. ती खूश झाली.

मग तिने बाऊलचं बूड न घसरण्याचं काम काढलं. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या गोल पट्ट्या कापल्या आणि पंक्चरच्या सोल्युशनने बाऊलच्या बुडाला चिकटवल्या. तिरप्या पाटावर ठेवून बघितलं तर बाऊल हलेना. विटेवर दुसरी वीट लावली, तरी हलेना. आजोबांपासून आमच्या घरात भांडं वाजवायची विद्या आहे, भांडं जागेवर ठेवायची विद्या पहिल्यांदा आली. मी तिला तसं म्हणालोही. पण लाल बाऊलला पट्टी लावायची वेळ आली तेव्हा कात्री शोधण्याच्या निमित्ताने आत गेलो.

"पाट म्हणजे काई पानी नाई," ती शनिवारी म्हणाली. "उद्या तलावावर जाऊ. डोंग्यात बसून जेवू. तुम्ही पन चला. तुमचाच माल आहे."

गावाबाहेर तलावाकाठी मासे धरणाऱ्या ढिवरांची वस्ती आहे. तिथले सत्तरीचे एक भाऊ आमचं जुनं गिऱ्हाईक. मासे ठेवायचं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं घमेलं दरवेळी माझ्याकडूनच नेतात आणि दरवेळी पातळ झालं म्हणून शिव्या देतात. त्यांचा डोंगा, म्हणजे एका झाडाच्या खोडातून कोरलेली अरुंद होडी. रविवारी दुपारी आम्ही भात, डाळ आणि त्यांच्याच घरची मासळीची भाजी घेऊन निघालो. भाऊ मागच्या टोकाला लांब बांबू घेऊन उभे, मधे मी, समोर मुलगी.

डोंग्यात बसणं म्हणजे गुडघे हनुवटीला लावून माफी मागितल्यासारखं बसणं. तलावाच्या बांधापासून, म्हणजे पाळीपासून, थोडं आत गेलो तेव्हा तिने आधी स्टीलच्या ताटात मला डाळ-भात वाढला. तुलना करायला, म्हणाली. भाऊंनी बांबू टेकवून डोंगा वळवला आणि डाळ माझ्या मांडीवर आली.

"हे झालं सपाट ताट," ती म्हणाली. "आता हे घ्या."

पांढरा बाऊल लाकडावर ठेवला तो तिथेच राहिला. डोंगा एकीकडे कलला, डाळ दुसरीकडे कलली, पण उभ्या काठाच्या आत. एका हाताने डोंग्याची कड धरून दुसऱ्या हाताने जेवता येत होतं. मला मान्य करावं लागलं, की ही यादी लिहिणाऱ्या बाई खरोखर पाण्यावर जेवलेल्या आहेत. तरीही, जेवल्या तर जेवल्या. कोणाला कशात वाढून जेवल्या, हा प्रश्न राहिलाच.

मुलीने स्वतःसाठी पांढऱ्यात वाढून घेतलं. मग तिने लाल बाऊल काढला. त्यात भात घातला, वर भाजी, मासळीचा मोठा तुकडा, आणि झाकण लावलं. ओणवी होऊन तो तिने माझ्या बाजूने मागे सरकवला, भाऊंच्या पायाशी ठेवला.

मला काय झालं ते मलाच कळलं नाही. "त्याईले पन पांढऱ्यात दे!" मी ओरडलो. "वेगळं काऊन? आपल्यातच आहे त्याईचं बसनं-उठनं! तू बी असं शिकली?" आणि हे बोलताना मी अर्धा उभा राहिलो.

डोंगा असा झुलला की माझा चमचा पाण्यात गेला. मुलीने दोन्ही पांढरे बाऊल धरले. माझ्याकडे कोणाचा हात आला नाही.

"भाऊ, बसा आधी," मागून डोंगेवाल्या भाऊंचा शांत आवाज आला. "तुमी उभे राह्यले तं आपन तिघंबी वेगळे होऊन जाऊ."

मी बसलो.

"मी बांबू सोडून जेवू का आता?" ते म्हणाले. "मंग तुमीच धरा बांबू. आमच्यात जो डोंगा धरते, त्याचं झाकूनच ठेवतेत. बाकीच्याईचं झालं की हात बदलते, मंग तो खाते. अन् मच्छीचं डोकं त्याचंच असते, कोनी हात लावत नाई. पोरीनं बरोबर केलं. तुमी काऊन चिडून राह्यले?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. ती हसली असती तर बरं झालं असतं.

"अब्बा, तुम्ही हेच धरून बसले होते? मंगळवारपासून?"

मी मांडीवरची डाळ पुसायला घेतली.

"मी मंगळवारीच विचारलं होतं," ती म्हणाली. "यादी आली, तुम्हाले पाठवली, अन् लगेच बाईले फोन केला. म्हटलं, लाल बाऊल कोणासाठी? माह्यासाठी का?"

"असं सरळ विचारलं?"

"मंग कसं विचारू? त्या म्हणाल्या, जो सुकाणू धरून असेल त्याचा. सगळे खाली जेवतात, तो वर असते, एक हात सुकाणूवर. त्याचं झाकून वर पाठवा लागते. पाळी बदलली की लाल दुसऱ्याकडे, म्हणून भांड्यावर नाव नको. अन् स्वयंपाकवालीलेही सुकाणू शिका लागन म्हणाल्या, सगळेच धरतात."

पाच दिवस मी जे कुलूप तारेने उघडत बसलो होतो, त्याची किल्ली तिने पहिल्याच दिवशी मागून घेतली होती. पण मला टोचत होतं ते वेगळंच.

"तुले काऊन वाटलं," मी विचारलं, "का तो तुह्यासाठी असन?"

तिने पाण्यात हात धुतला. "नागपूरले होस्टेलात माह्या पेल्याले कोणी हात लावत नसे. पहिलं वर्षभर. तुम्हाले सांगतलं नाई."

भाऊ बांबू टेकवत होते. तिचा तो पेला कोणत्या दुकानातला होता, हे मी विचारलं नाही. ती नागपूरला जाताना तो मीच वाजवून, निवडून दिला होता.

काठाजवळ आल्यावर मी शेवटचा प्रयत्न केला. सवय जात नाही. "पण त्या म्हणाल्या म्हणून ते खरं कशावरून?"

"खरं नसनही," ती म्हणाली. "ते जाऊनच पाहा लागन. पंधरा दिवस लाल माह्याच हातात राह्यला, तं पहिल्या गाडीनं घरी येतो."

"अन् खरं निघालं तं?"

"तं सहा महिने येत नाई."

यात कुठे चीर सापडते का ते मी बघितलं. सापडली नाही. भाऊंनी डोंगा काठाला लावला, तिथेच बसून लाल बाऊलचं झाकण उघडलं आणि जेवायला लागले. भाजी अजून गरम होती, तसं त्यांनी मला सांगितलंही.

मुलीने फोन काढून माझ्या हातात दिला. मेसेज तिने आधीच लिहून ठेवला होता. "नमस्कार. मी येते आहे. भांडी सोबत आणते." खाली नाव. पाठवला मात्र नव्हता.

"रविवार आहे," ती म्हणाली. "तुम्ही बघू म्हटलं होतं. बघितलं ना?"

मेसेज मी दोनदा वाचला. अनुस्वार तपासले. मग बटण दाबलं.

मेसेज गेला नाही. तलावावर नेटवर्कची एक दांडी येते आणि कोणी खोकलं की जाते. छोटं घड्याळ नुसतं दिसत राहिलं. ऊन उतरायला लागलं होतं, आणि बाईंनी संध्याकाळपर्यंतच सांगितलं होतं. मी चपला काढल्या, डाळीने भरलेला पायजमा वर धरला आणि तलावाच्या पाळीवर चढू लागलो.

"अब्बा, मी जातो ना!" ती खालून म्हणाली.

"तू थांब," मी म्हणालो. "तुह्या हाताले रेंज येत नाई."

वर मोहाच्या झाडाशी पोहोचलो तेव्हा धाप लागली होती. फोन डोक्यावर धरून मी पाळीवरून इकडून तिकडे फिरलो. एका ठिकाणी, झाडाच्या जरा पुढे, घड्याळ गेलं आणि एक खूण उमटली.

"गेला का?" ती ओरडली.

"गेला, पन पोचला नाई!" मी ओरडलो. दुसरी खूण उमटेपर्यंत मी हात खाली घेतला नाही. एका खुणेवर माझा विश्वास नाही.